रीडिंग लाइक अ हिस्टोरियन: इतिहासाच्या तासाला कागद बोलके करणारी पाठमाला

हायस्कूलला इतिहास शिकवताना सनावळ्यांचा त्रास फारसा होत नाही. धड्यात उत्तर आधीच छापलेलं असतं, म्हणून मुलांना प्रश्नच पडत नाही, ही खरी अडचण. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटानं तयार केलेली आणि आता डिजिटल इन्क्वायरी ग्रुप या संस्थेकडे असलेली ही पाठमाला नेमकी इथे उपयोगी पडते. ती मोफत आहे.

प्रत्येक पाठात थोडी पार्श्वभूमी, एक मध्यवर्ती प्रश्न, त्या काळातले काही कागद आणि शेवटी चर्चा. मुलांनी चार सवयी लावून घ्यायच्या: कागद कोणी, कधी, कशासाठी लिहिला ते आधी पाहायचं; त्या काळाचा संदर्भ लावायचा; दुसऱ्या कागदाशी ताळा घ्यायचा; आणि शब्दन् शब्द वाचायचा.

उदाहरण म्हणून लेक्सिंग्टनच्या चकमकीचा पाठ घ्या. या अमेरिकी गावात ब्रिटिश फौज आणि तिथले वसाहतकरी समोरासमोर आले आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटलं. 19 एप्रिल 1775 ला पहिली गोळी कोणी झाडली? एक कागद ब्रिटिश लेफ्टनंट जॉन बार्करच्या रोजनिशीतला, दुसरा 34 वसाहतकऱ्यांनी 25 एप्रिलला शपथेवर दिलेली जबानी. बार्कर म्हणतो, आधी वसाहतकऱ्यांकडून एकदोन गोळ्या आल्या. जबानी म्हणते, आमची पाठ वळलेली असताना फौजेनं गोळ्या घातल्या. शपथ म्हटलं की मुलं लगेच त्या बाजूला झुकतात. मग विचारा: सहा दिवसांनी, इतक्या जणांनी मिळून एकच जबानी का दिली असेल? ती कोणी वाचावी म्हणून? आणि बार्करची ती ओळ पुन्हा वाचून घ्या, जिथे तो म्हणतो की आपले शिपाई हुकूम नसताना धावून गेले. स्वतःच्याच फौजेला कमीपणा आणणारं हे वाक्य त्यानं का लिहिलं? अख्ख्या पाठाचं मोल या एका प्रश्नात आहे.

पण तो प्रश्न मुलांच्या तोंडून यायला वेळ लागतो. कागदावर एका तासिकेचा वाटणारा पाठ 45 मिनिटांत पहिल्यांदा बसतच नाही. दोन तासिका धरा. वेळ कमी पडला तर पार्श्वभूमी पाच मिनिटांत आटपा, चर्चा कापू नका. पहिला कागद फळ्यापाशी उभं राहून मोठ्यानं वाचा आणि वाचताना मनात येणारी शंकाही बोलून दाखवा. दुसरा तीन-तीनच्या गटांना द्या. हे न करता थेट प्रश्नपत्रिका वाटली तर मुलं नुसते रकाने भरतात.

दुसरी हमखास होणारी गडबड म्हणजे ‘हा पक्षपाती आहे’ असं म्हणून कागद बाजूला सारणं. पक्षपात सापडला की काम संपत नाही. ‘मग याच्याकडून काय कळू शकतं?’ हे लगोलग विचारायला हवं. अगदी सुरुवातीला मधल्या सुट्टीतल्या मारामारीचा छोटा पाठ घ्या. एकाच भांडणाच्या वेगवेगळ्या साक्षी का जुळत नाहीत, हे मुलांना स्वतःच्या जगातून उमगतं आणि पुढचं निम्मं काम हलकं होतं.

उणिवा आहेतच. उतारे मुलांना झेपावेत म्हणून छोटे आणि सोपे केलेले असतात. भाषा सोपी होते, पण लेखकाचा आवाजही थोडा बोथट होतो. मूळ मजकूर शेजारी ठेवून काय गळलंय ते शिक्षकानं आधी पाहावं, निदान एक वाक्य तरी मुलांना मूळ रूपात ऐकवावं. भर अमेरिकेच्या इतिहासावर आहे. जागतिक विभागातला नानकिंगचा (जपानी फौजेनं 1937 मध्ये काबीज केलेल्या चिनी शहराचा) पाठ मात्र जरूर घ्या: त्यात चिनी आणि जपानी पाठ्यपुस्तकांतली वर्णनं समोरासमोर ठेवली आहेत, त्यामुळे पाठ्यपुस्तकाचीही उलटतपासणी होते.

सगळी माला वर्षभर चालवायची गरज नाही. दर घटकाला एक पाठ पुरतो, आणि साचा हातात बसला की आपल्या अभ्यासक्रमातले दोन परस्परविरोधी कागद त्यात बसवता येतात. तेव्हा फक्त एक पाहा: दोन्ही कागद एकाच घटनेबद्दल हवेत आणि प्रत्येक उतारा अर्ध्या पानाच्या आत असावा. त्याहून मोठा झाला की मागच्या बाकांवरचं वाचन थांबतं.