जॉर्जिया की नॉर्थ कॅरोलायना : मेडिकेडची लवचिकता कोणाच्या सोयीची?

नोकरी सुटल्यावर किंवा स्वतःचा छोटा व्यवसाय उभा करताना जॉर्जियातल्या अटलांटात राहावे की नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेच्या बाजूला जावे, असा प्रश्न ज्याच्यापुढे आहे, त्या मराठी माणसाने घरभाड्याइतकाच आरोग्यविम्याचाही, विशेषतः मेडिकेड या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, हिशेब मांडावा. ही तुलना अमेरिकी नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षे झालेल्यांसाठी आहे. एच-वन-बी (नोकरीच्या) किंवा एच-फोर (त्यांच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावरील प्रौढांना मेडिकेडचा सहसा उपयोग होत नाही.

२०१० च्या आरोग्यविमा कायद्याने (‘ओबामाकेअर’) केंद्राने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या ६५ वर्षांखालील सर्व प्रौढांना मेडिकेडमध्ये घेण्याचे ठरवले होते, मात्र २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. त्याखेरीज केंद्राकडून विशेष सूट घेऊन योजनेची रचना बदलण्याची मुभा राज्यांना आधीपासूनच आहे. शेजारशेजारच्या या दोन राज्यांनी या मोकळीकीचा वापर अगदी भिन्न रीतीने केला.

नॉर्थ कॅरोलायनाने १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण विस्तार लागू केला. २०२५ च्या दारिद्र्यरेषेनुसार एकट्या माणसाचे वार्षिक उत्पन्न सुमारे २१,६०० डॉलरपर्यंत असेल, तर तो पात्र ठरतो. कामाचे तास दाखवावे लागत नाहीत. पहिल्याच वर्षात सहा लाखांहून अधिक लोकांची नोंदणी झाली.

जॉर्जियाने जुलै २०२३ मध्ये ‘पाथवेज’ ही स्वतःची योजना आणली. तिची उत्पन्नमर्यादा दारिद्र्यरेषेइतकीच, म्हणजे एकट्या माणसाला १५,६५० डॉलर, आणि शिवाय दरमहा ८० तास नोकरी, शिक्षण, प्रशिक्षण किंवा समाजसेवा केल्याचा पुरावा द्यावा लागतो. घरातल्या आजारी आईची सेवा सुरुवातीच्या नियमांत कामात धरली जात नव्हती. मराठी घरांतून हे किती जणांना नडेल, हे वेगळे सांगायला नको. पहिल्या वर्षअखेर नोंदणी साडेचार हजारांच्याही आतच राहिली. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या वर गेले की त्याच कायद्याखालच्या विमा-बाजारातून (मार्केटप्लेस) अनुदानित खासगी विमा घेता येतो, पण त्याखाली असून ८० तास भरत नसतील, तर दोन्हीकडची दारे बंद होतात.

अशा अटींमुळे लोक कामाला लागतात, हा जॉर्जियाच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद आहे. तो आर्कान्सा या राज्यात तपासला गेला. तेथे जून २०१८ पासून हीच ८० तासांची अट होती आणि तासांची माहिती आरंभी केवळ संकेतस्थळावरच भरायची होती. काही महिन्यांतच अठरा हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला, रोजगार वाढल्याचे संशोधकांना आढळले नाही आणि मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने अट रद्द केली. विमा गमावलेल्यांत काम करणारे, पण ते वेळेवर नोंदवू न शकलेले लोकही होते, ही बाब मला सर्वांत बोलकी वाटते. ज्याची मिळकत महिन्यागणिक कमीजास्त होते, त्याचे पाय नेमके इथेच अडकतात.

नॉर्थ कॅरोलायनाही निर्धोक नाही. विस्ताराच्या खर्चातील केंद्राचा ९० टक्के वाटा कमी झाल्यास विस्तार आपोआप संपावा, अशी तरतूद त्या राज्याच्या कायद्यातच आहे. केंद्राकडून सूट घेऊन अन्न आणि निवाऱ्यावर मेडिकेडचा पैसा खर्च करण्याचा तेथील स्तुत्य प्रयोगही राज्याने निधी न दिल्यामुळे जुलै २०२५ मध्ये थांबला. त्यातच २०२५ च्या केंद्रीय कायद्याने १ जानेवारी २०२७ पर्यंत विस्तारातील प्रौढांना महिन्याला ८० तासांची अट सर्वत्र लावण्याचे ठरवले असून, दर सहा महिन्यांनी पात्रतेची फेरतपासणीही होणार आहे.

तरीही अस्थिर कमाईच्या माणसाला मी नॉर्थ कॅरोलायनाच सुचवेन, कारण तेथील उत्पन्नमर्यादा सुमारे सहा हजार डॉलरने वर आहे आणि एखादा महिना बरा गेला म्हणून विमा जाण्याची भीती तेवढी कमी आहे. नियमित पगाराची अर्धवेळ नोकरी असलेल्याने अटलांटा सोडण्याची घाई करू नये. मात्र दोन्ही राज्यांत पगाराच्या पावत्या आणि कामाच्या तासांची नोंद आजपासूनच जपून ठेवावी.