जिम थॉर्पमध्ये आधी काय बघाल: वाडा की तुरुंग?

पेनसिल्व्हानियातलं हे कोळशावर वाढलेलं गाव 1954 पर्यंत मॉक चंक होतं. टेकडीवर एसा पॅकरचा 1861 चा वाडा आहे. लीहाय व्हॅली रेल्वे उभारणाऱ्या या माणसाचं घर त्याच्या मुलीनं मृत्युपत्रानं गावाला दिलं. देखणं आहे, पण श्रीमंतांची घरं इतरत्रही दिसतात.

जुना तुरुंग मात्र अस्वस्थ करतो. 21 जून 1877 ला इथे चार आयरिश माणसांना ‘मॉली मॅग्वायर्स’ या खाण कामगारांच्या गुप्त संघटनेचे ठरवून एकाच दिवशी फाशी दिली. तपास खासगी गुप्तहेराचा, खटल्यात वकील कोळसा-रेल्वे कंपन्यांचे! सतरा नंबरच्या कोठडीत फाशी गेलेल्या एका कैद्याच्या हाताचा ठसा आहे आणि तो पुसला जात नाही म्हणे. ठशाचं सोडा, 1995 पर्यंत इथे खरेखुरे कैदी होते. वेळ कमी असेल तर तुरुंगच बघा, वाडा रस्त्यावरूनही दिसतो.