मैत्री क्लिनिक: एका मेसवालीचा अनुभव

लातूरच्या ट्युशन एरियात माझी मेस आहे. नीट-जेईईची चाळीस-बेचाळीस लेकरं दोन्ही टाइम जेवतात. परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, कुठकुठून आलेली. कुणाचं काय बिनसलंय ते मला ताटावरून कळतं. टेस्टला मार्क कमी पडले की लेकरू भात जास्त ओढतं. घरी फोनवर भांडण झालं की भाजी तशीच टाकतं. आणि प्रेमात पडलं की भाकरीचे बारीक तुकडे करतं आणि ते ताटातच ठेवून उठतं.

मागच्या येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येची गोष्ट, त्या दिवशी आमच्याकडं शेतात जाऊन जेवतात. लेकरांना गावाकडं शेतात जाता येत नाही म्हणून मी मेसमध्येच भज्जी, उंडे, आंबील करते. जिंतूरकडचा एक पोरगा आहे, सतरा वर्षांचा, एरवी तांब्याभर आंबील एका दमात पिणारा. त्या दिवशी भज्जीला हात नाही. म्हणलं, "काय करलालास रे बाबा? ताटाशी खेळायलास का?" तर डोळे भरून आले त्याचे.

बॅचमधली एक मुलगी आवडत होती. त्यात विशेष काही नाही, या वयात नाही आवडायचं तर कधी? विशेष हे की तोवर त्यानं दोन ठिकाणांहून सल्ला घेऊन झाला होता. पहिला मोबाइलवरच्या रील्सचा: तीन दिवस रिप्लाय देऊ नको, चौथ्या दिवशी ती स्वतःहून येते. चौथ्या दिवशी कुणी आलं नाही. दुसरा एका बाबाचा. स्टँडच्या भिंतीवर 'प्रेमात अपयश, २४ तासांत उपाय' असे कागद चिकटवलेले असतात, तसल्या नंबरावर याने फोन केला. ११०० रुपये ऑनलाइन घेतले, मुलीचा फोटो मागून घेतला, आणि मग हवनासाठी ५१०० मागितले. मेसचे पैसे थकवले होते ते त्यामुळंच, हे मला तेव्हा कळलं.

माझी जाऊ औशाकडं आशाताई आहे. तिनं सांगितलं की सरकारी दवाखान्यात मैत्री क्लिनिक असतं, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी. केंद्राचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ च्या जानेवारीत सुरू झाला, त्यातलंच हे. मला वाटायचं तिथं फक्त पाळीचं आणि रक्तवाढीच्या गोळ्यांचं सांगतात. तेही सांगतात, पण मनाचं, व्यसनाचं, मारहाणीचं, असल्या भानगडींचंही बोलता येतं. एक रुपया लागत नाही.

कोणता दवाखाना ते लिहीत नाही. तक्रारीही लिहिणार आहे, आणि तिथल्या समुपदेशक मॅडमला उगं ताप नको.

पहिल्या खेपेला कुलूप. दुसऱ्या खेपेला मॅडम कुठल्याशा शाळेत कार्यक्रमाला गेलेल्या. तिसऱ्या खेपेला भेटल्या, आणि पहिलंच वाक्य मला म्हणाल्या, "काकू, तुम्ही बाहेर बसा." खरं सांगते, राग आला. आणणारी मी, रिक्षाचे पैसे माझे, आणि मीच बाहेर? पाऊण तास बाकड्यावर बसून होते. आत काय झालं ते त्यानं रात्री लसूण सोलता सोलता सांगितलं, आणि इथं लिहितेय तेही त्याला विचारूनच.

मॅडमनी आधी सांगितलं म्हणे, तू बोलशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, किंवा अठराच्या आतल्या कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर मला कळवावं लागतं, पॉक्सो कायदाच तसा आहे. हे आधी सांगितलं म्हणून याचा विश्वास बसला.

मग त्या म्हणाल्या, मोबाइल काढ. तिच्याशी झालेलं बोलणं उघड आणि मोज. तुझे मेसेज किती, तिचे किती.

हा बोट सरकवत मोजत बसला. मॅडम फॅनकडं बघत गप्प. त्याचे त्रेसष्ट निघाले. तिचे चार. चारातले दोन 'ओके', एक अंगठा, आणि एक फिजिक्सच्या आन्सर कीची पीडीएफ, तीही याने मागितली म्हणून. पीडीएफ धरायची का, असं विचारलं म्हणे यानं. "तूच ठरव," म्हणाल्या. थोड्या वेळानं हाच म्हणाला, "मॅडम, तिला नकोय."

एवढंच. 'विसरून जा' नाही, 'अभ्यास कर' नाही, 'हे वय आहे का' तर अजिबात नाही. मी आठ दिवस तेच तीन डायलॉग मारत होते.

पण पुढं त्यांनी धरलं त्याला. संध्याकाळी हा मुलींच्या हॉस्टेलसमोर चहाच्या टपरीवर उभा राहायचा, तिची स्कूटी निघाली की मागं सायकल. याच्या लेखी ते प्रेम. मॅडमनी सांगितलं की मुलीला नको असताना परत परत मागं जाणं, मेसेज करत राहणं याला कायद्यात पाठलाग म्हणतात. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पहिल्यांदाच सिद्ध झालं तरी तीन वर्षांपर्यंत कैद. अठराच्या आतल्या मुलांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं, पण जातं. आणि मग विचारलं, "ती क्लासला येताना कोणत्या रस्त्यानं येते ते तुला माहीत आहे. तिला हे आवडत असेल का?" हे सांगताना लसणाची पाकळी त्याच्या हातातच राहिली.

बाबाला फोटो दिला याच्यावर मात्र मॅडम चिडल्या. पैसे गेले ते गेले, १९३० या ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी नंबरावर तक्रार कर म्हणाल्या. पण दुसऱ्याच्या लेकीचा फोटो अनोळखी माणसाला देणं हे पैशाहून वाईट. समोर बसवून नंबर ब्लॉक करायला लावला.

याला तिला एक लांबलचक माफीनामा पाठवायचा होता, लिहूनही ठेवला होता. मॅडम म्हणाल्या, "माफीचाही नको. तोही चौसष्टावा मेसेजच." मला हे फार पटलं. आमच्या पिढीतल्या काही जणांनाही सांगायला पाहिजे होतं कुणीतरी.

जाता जाता वजन केलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन अकरा पॉइंट दोन. मुलांना तेरा तरी पाहिजे म्हणे. म्हणजे गेलो प्रेमाचं घेऊन आणि आलो गोळ्या घेऊन, शिवाय माझ्या मेसची इज्जत गेली. तेव्हापासून मंगळवारी मेथी आणि शनिवारी मोड आलेली मटकी पक्की.

आता तक्रारी. बोर्ड एक्स-रेच्या बोळात, त्यावर पोलिओचं पोस्टर चिकटवलेलं, वाचणार कोण? वेळ सकाळची, म्हणजे नेमकी क्लासची. क्लास बुडवल्याशिवाय लेकरू येऊच शकत नाही. खिडकीला पडदा नाही. बाकड्यावर बसलेल्या दोन बाया आत वाकून बघत होत्या आणि त्यातली एक आमच्या गल्लीतली निघाली. याच कामासाठी येणाऱ्या मुलीची काय गत होत असेल? मॅडम एकट्याच, त्यात त्यांना दवाखान्यातली बाकीची कामंही लावतात. पुरुष समुपदेशक नाहीत. याला आधी बाईसमोर तोंड उघडायला दहा मिनिटं लागली.

रात्री-बेरात्री जीव घाबरला तर मॅडमनी १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर दिलाय, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो मी मेसमध्ये ताटांच्या रॅकवर खडूनं लिहून ठेवलाय. कोण लावतं, कोण नाही, मी विचारत नाही.

पाचपैकी चार तारे. एक पडद्याचा कापला. पडदा लावला की देईन. कापड मी द्यायलाही तयार आहे, तसं सांगून आलेय.

जायचं असेल तर केसपेपरच्या खिडकीवर 'मैत्री क्लिनिक' विचारा. तिथं बहुतेक "ते काय असतं?" असंच उत्तर येईल. मग लसीकरणाच्या सिस्टरला विचारा, तिला माहीत असतं. आणि सोबत गेलात तर बाहेर बसायची तयारी ठेवून जा.