गाडी, पाऊस आणि पडदा: पोर्टिकोसोबतचे दोन महिने

माझ्याकडे तीन प्रोग्राम होते. गाडीचं मॉडेल माझं, जावामधलं. पावसाचं मॉडेल सहकाऱ्याचं, सी-प्लस-प्लसमधलं. तिसरा नुसता पडद्यावर चित्र काढणारा. तिघंही वेगवेगळ्या मशीनवर. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे थांबते, एवढंच बघायचं होतं, पण त्यासाठी तिघांनी एकमेकांशी बोलायला हवं होतं. ते बोलणं शेवटी पोर्टिको नावाच्या सॉफ्टवेअरने जमवलं.

सुरुवात डीआयएसने केली, म्हणजे सिम्युलेटरांनी नेटवर्कवरून एकमेकांना आपली स्थिती कळवायची एक ठरलेली पद्धत, आणि त्याबद्दल वाईट बोलणार नाही. ओपन-डिस ही फुकटची लायब्ररी घेतली आणि एका संध्याकाळी गाडी पडद्यावर पळायला लागली. एन्टिटी स्टेट पीडीयू नावाचा निरोप भरायचा, म्हणजे गाडी कोणती, कुठे आहे, किती वेगाने चाललीय हे सांगणारा १४४ बाइटचा तुकडा, आणि यूडीपीवर, म्हणजे पोचल्याची पावती न मागता, नेटवर्कवर सोडून द्यायचा. सर्व्हर नाही, नोंदणी नाही. गाडी उभी असली तरी दर पाच सेकंदांनी 'मी आहे' म्हणत राहते, आणि मधल्या वेळात समोरचा तिचा वेग बघून अंदाजाने तिला पुढे सरकवतो. १९८० च्या दशकातल्या सिमनेट या सैनिकी सरावाच्या सिम्युलेटर-जाळ्यापासून चालत आलेली ही युक्ती अजूनही झकास चालते. वायरशार्क हे नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं साधन लावलं की प्रत्येक पॅकेट उघडून वाचता येतं, हा फायदा तर मला नंतर फार आठवला.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. तीच सुरुवात, तोच पाऊस, दोनदा चालवलं आणि गाडी दोन वेगळ्या जागी थांबली. पावसाचं पॅकेट कधी ब्रेकच्या आधी पोचायचं, कधी नंतर. डीआयएसमध्ये सगळे आपले खऱ्या घड्याळावर धावत असतात, कोणी कोणासाठी थांबत नाही. सरावाच्या सिम्युलेटरला ते चालतं. मला मात्र दहा वेळा चालवलं तर दहाही वेळा तेच उत्तर हवं होतं.

म्हणून एचएलए, वेगवेगळी सिम्युलेशन जोडायची दुसरी पद्धत, जी वेळही सांभाळते. त्याचं आयईईई १५१६ हे मानक २००० साली आलं, २०१० साली सुधारलं, आणि २०२५ मध्ये चौथी पिढी आली. यात प्रत्येक प्रोग्राम म्हणजे फेडरेट, सगळे मिळून फेडरेशन, आणि मध्ये आरटीआय नावाचं सॉफ्टवेअर, जे निरोप पोचवतं आणि वेळ सांभाळतं. कोणत्या वस्तू, त्यांचे कोणते गुणधर्म, हे सगळं फॉम नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये आधीच ठरवायचं. मी घेतलेलं आरटीआय म्हणजे पोर्टिको: मुक्त स्रोत, जावात लिहिलेलं, एचएलएची जुनी १.३ आवृत्ती आणि २०१० चं मानक दोन्ही बोलणारं.

बसवायला त्रास नाही. सोबत जावा येतं, आरटीआय होम, म्हणजे पोर्टिको कुठल्या फोल्डरमध्ये आहे, ते सांगितलं की झालं. नमुन्याचा फेडरेट रेस्टॉरंटचा आहे. मानकातही उदाहरण म्हणून रेस्टॉरंटच वापरलंय, त्यामुळे पहिल्या दिवशी तुम्ही सोड्याचे कप आणि त्यांचे स्वाद पाठवत बसता. हसू येतं, पण नमुना चांगला लिहिलाय. फेडरेशन तयार करा, सामील व्हा, एंटर दाबा, 'रेडी टू रन' या ठिकाणी सगळ्यांसाठी थांबा, वीस पावलं चाला, बाहेर पडा. मी माझा गाडीचा फेडरेट याच सांगाड्यावर चढवला. रिकाम्या फाइलपासून सुरू करू पाहणाऱ्यांना कळकळीने सांगते, करू नका.

एका मशीनवर सगळं छान. दोन मशीनवर आणलं आणि दोन दिवस गेले. दोन्हीकडे 'फेडरेशन तयार झालं' असं यायचं, दोन्हीकडे एंटर दाबला की कार्यक्रम चालायचा, पण गाडीला पाऊस दिसेना. खरं तर उत्तर त्याच ओळीत होतं. दुसरा फेडरेशन तयार करू पाहतो तेव्हा 'फेडरेशन आधीच अस्तित्वात आहे' अशी तक्रार यायला हवी. ती आली नाही, याचा अर्थ दोघांनी आपापलं वेगळं घर थाटलं होतं. पोर्टिकोला मधला सर्व्हर लागत नाही, फेडरेट एकमेकांना मल्टिकास्टवर, म्हणजे नेटवर्कवर एकदम सगळ्यांना हाक मारून, शोधतात, आणि माझ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनसाठी टाकलेलं एक खोटं नेटवर्क कार्ड होतं. हाका त्यावर मारल्या जात होत्या. आरआयडी या पोर्टिकोच्या सेटिंगच्या फाइलमध्ये बाइंड ॲड्रेसची, म्हणजे कोणतं नेटवर्क कार्ड वापरायचं ते सांगणारी, एक ओळ बदलली आणि ती लाडकी तक्रार पडद्यावर आली. एरर बघून एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

दुसरा घोळ सर्वस्वी आमचा. पावसाचा फेडरेट १.० पाठवायचा आणि माझ्याकडे ३.०४ गुणिले दहाचा उणे ३१९ वा घात यायचा, म्हणजे जवळजवळ शून्य. रस्ता कायम कोरडा! सहकाऱ्याने डबल, म्हणजे आठ बाइटचा दशांश आकडा, जसाच्या तसा मेमरीतून उचलून दिला होता, तिथे लहान बाइट आधी असतो, आणि फॉममध्ये आम्ही लिहिलं होतं की मोठा बाइट आधी. आरटीआय आत काय आहे ते बघतच नाही, बाइट घेतो आणि देतो. आकड्यांचे ठरल्या क्रमाने बाइट करायला, म्हणजे एन्कोडिंगसाठी, २०१० च्या मानकात तयार साधनं दिलेली आहेत. ती वापरा, स्वतःची हुशारी नको.

आता ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला ते, वेळेचं व्यवस्थापन. प्रत्येक फेडरेट 'मला पुढच्या क्षणाला जायचंय' अशी परवानगी मागतो, आणि मागच्या वेळेचा कुठलाही निरोप यायचा राहिलेला नाही याची खात्री झाली की आरटीआय ती देतं. ही खात्री लुकअहेडवर टिकून असते. लुकअहेड म्हणजे फेडरेटने दिलेलं वचन: आत्तापासून इतक्या वेळाच्या आतला निरोप मी पाठवणार नाही.

आमचा लुकअहेड सगळीकडे ०.१ सेकंद होता, कारण गाडीचं पाऊल, म्हणजे मॉडेल एका वेळी जितका काळ पुढे सरकतं ते, तेवढं. पावसाचं पाऊल साठ सेकंदांचं, आणि एका पावलाचा हिशोब करायला त्याला चारेक सेकंद लागायचे. परिणाम असा की सिम्युलेशनमधला प्रत्येक मिनिट संपला की गाडी रस्त्याच्या मधोमध थिजायची.

"तुझी गाडी अडकली की माझा पाऊस?" तो म्हणाला.

"तुझा पाऊस विचार करतोय, आणि तो काय बोलेल ते कळेपर्यंत मला हलता येत नाही."

पावसाचा लुकअहेड साठ केला. आता साठाव्या सेकंदाला तो हिशोबाला बसला तरी १२० च्या आधी लागू होणारं काही सांगणार नाही हे पक्कं, म्हणून गाडी तोवर मोकळी. बदल्यात पावसातला बदल एक मिनिट उशिरा लागू होतो. आमच्या कामाला ते चाललं. तुमच्या चालेल का, हे मॉडेल बघून ठरवा, ते आरटीआय सांगणार नाही. आणि हो, डीबगरमध्ये ब्रेकपॉइंट लावून उठून गेलात तर बाकीचे सगळे तुमची वाट बघत उभे राहतात. मी एकदा जेवायला गेले होते.

त्यानंतर दहा वेळा चालवलं. गाडी दहाही वेळा त्याच जागी थांबली, दशांशाच्या शेवटच्या अंकापर्यंत.

खटकलेल्या गोष्टी. पोर्टिकोचा सी-प्लस-प्लस चेहरा आतून जावालाच हाक मारतो, म्हणजे पावसाच्या फेडरेटच्या पोटातही जावाचं व्हर्च्युअल मशीन. लिनक्सवर जीडीबी हा डीबगर लावला की तो सेगमेंटेशन फॉल्टवर, म्हणजे मेमरी चुकीची वापरल्याच्या सिग्नलवर, थांबतो, आणि तो फॉल्ट खरा नसतोच, जावा स्वतःच्या कामासाठी तो सिग्नल वापरतं. तो सिग्नल दुर्लक्षित करायला सांगेपर्यंत सहकाऱ्याने आपलाच कोड तीनदा तपासला. शुद्ध सी-प्लस-प्लस हवं असेल तर फ्रान्सच्या ओनेरा या विमान-अवकाश संशोधन संस्थेकडून आलेलं सर्टी हे आरटीआय बघा. त्यात आरटीआयजी नावाचा मधला प्रोग्राम आधी चालू करावा लागतो, आणि मल्टिकास्टचा लपंडाव टळतो. मी ते दोनच दिवस वापरलं, त्यामुळे जास्त बोलत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. दोन्ही एकाच मानकाची आरटीआय, म्हणून पोर्टिकोचा फेडरेट सर्टीच्या फेडरेटशी बोलेल असं नाही. २०१० पर्यंतच्या मानकाने फक्त फंक्शन ठरवली, तारेवरून काय जातं ते ज्याचं त्याच्यावर सोडलं. फेडरेशनमधल्या सगळ्यांनी एकच आरटीआय घ्यायचं.

मॉडेल समीकरणांची असतील आणि एकाच मशीनवर चालणार असतील, तर या वाटेला जाऊच नका. एफएमआय हे मॉडेल देवाणघेवाणीचं मानक घ्या, मॉडेल एका झिप फाइलमध्ये बांधून येतं आणि पायथनमधून चालवता येतं. नुसतं पडद्यावर हलताना दाखवायचं असेल तर डीआयएस.

पोर्टिकोला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण जीडीबीपायी गेला, एक त्या खोट्या नेटवर्क कार्डाच्या दोन दिवसांपायी. पुढच्या आठवड्यात चौथा फेडरेट येतोय, रस्त्यावरच्या सिग्नलचा. त्याच्या लेखकाला मी पहिल्याच मेलमध्ये विचारलंय: लुकअहेड किती देणार?