मटणाला चार स्टार, मागच्या अंगणाला पाच (धुळे, साक्री रोडकडचं बिनपाटीचं दुकान)

दुकानाला पाटीच नाय त्यामुळे नाव टाकायचा प्रश्न नाय. साक्री रोडवरून आत वळलं की निळा पत्रा दिसतो, सकाळी पुढं दोन-चार बोकडं बांधलेली असतात, कुणालाही "आबाचं दुकान कुठंय" विचारा, बोट दाखवतील. आता मटणाच्या दुकानाचे रिव्ह्यू लोक कसे टाकतात माहितीये ना, "मटण कवळं होतं फाइव्ह स्टार" नाहीतर "हाडंच जास्त घातली वन स्टार", संपलं. मी मटणाचं पण लिहिणारे, पण आधी दुकानाच्या मागं काय चालतं ते लिहितो कारण ते कुणीच लिहीत नाय आणि माझ्या मते मटणाचं दुकान पुढून नाय मागूनच बघायचं असतं.

बहुतेक ठिकाणी मागं काय दिसतं, सांगायची गरज नाय. टोळीनं बसलेली कुत्री, नाली, आणि खाटकाचा पोरगा जे विकलं जात नाय ते हातानं भिरकावतो, फुप्पुस, आतड्याचे तुकडे, खराब कलेजी, सगळं. कुत्री पण एकदम गलेलठ्ठ. लोकांना वाटतं बरंय, मुक्या जनावराचं पोट भरतंय, कचरा पण होत नाय, पुण्य वेगळंच. आबाच्या दुकानामागं एक पण कुत्रं बसलेलं नसतं राव. झाकणाचा ड्रम आहे, त्यात सगळं जातं, वरून चुना, आणि दुपारी तो ड्रम त्याच्या स्वतःच्या वावरात खोल खड्ड्यात रिकामा होतो, खड्ड्यावर पत्रा आणि पत्र्यावर दगडं ठेवलेली. मी एकदा वावरात जाऊन बघितलं पण, नुसतं तोंडी ऐकून लिहून नाय राह्यलो.

आता तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात. तर आमच्या शिरपूरच्या मावशीचं सांगतो. मावशी माळकरी, अंडं सुद्धा नाय खाल्लेलं आयुष्यात, लसूण पण नको म्हणते एकादशीला. उजव्या बाजूला बरगडीखाली जड वाटायचं, सगळे म्हणायचे अ‍ॅसिडिटी, मग पित्ताची गोळी, मग गावठी काढे, वर्षं गेली त्यात. शेवटी भलत्याच कारणानं सोनोग्राफी काढली तर लिव्हरमध्ये पाण्यानं भरलेली भली मोठी गाठ. हायडॅटिड सिस्ट. सर्जननं पहिला प्रश्न विचारला, घरी कुत्रा आहे का, आसपास मेंढरं बसतात का. घरी सगळ्यांना वाटलं हा रोग तर मटण खाणाऱ्यांना होतो, हिला कसा काय? आणि मावशी तर वेगळ्याच टेन्शनमध्ये, लोक म्हणतील ही गुपचूप खात होती!

तर बघा, मटण खाऊन हा रोग माणसाला होतच नाय. कलेजीत फोड असला आणि चुकून खाल्ला तरी त्याच्यातून माणसाला नाय होत. होतो तो कुत्र्याच्या विष्ठेतून. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाचा एक टेपवर्म आहे, टेपवर्म म्हटलं की आपल्याला लांबलचक फीत आठवते पण हा जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, कुत्र्याच्या आतड्यात हजारांनी राहतो आणि कुत्र्याला त्याचं काहीच वाटत नाय, खातंय पितंय शेपूट हलवतंय. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, डोळ्याला दिसत नाय, गवतावर, मातीत, भाजीवर, कुत्र्याच्या अंगावरच्या केसाला पण चिकटतात आणि थंड ओल्या जागेत महिनोनमहिने टिकतात. ते गवत मेंढीनं, बोकडानं, गायी-म्हशीनं खाल्लं की त्यांच्या लिव्हरमध्ये फुप्पुसात पाण्याचे फोड धरतात. आणि तो फोड कच्चा कुत्र्यानं खाल्ला की साधारण दीड-दोन महिन्यात त्याच्या आतड्यात परत टेपवर्म तयार, परत अंडी. माणूस मधे फुकटचा सापडतो, न धुतलेली कोथिंबीर खाल्ली, कुत्र्याला कुरवाळून तसाच हात तोंडात गेला, झालं. म्हणून माळकरी मावशीला झाला आणि आठवड्याला किलोभर हाणणाऱ्या काकाला नाय झाला. सत्तर टक्क्यांच्या आसपास पेशंटमध्ये लिव्हरला होतो, मग फुप्पुस, क्वचित मेंदूत हाडात पण. वाढतो हळूहळू, कित्येक वर्षं पत्ता लागत नाय.

म्हंजे मटणाच्या दुकानाचा संबंध गिऱ्हाइकाच्या ताटाशी नाय, दुकानामागच्या कुत्र्याशी आहे. जित्या बोकडाकडे बघून काहीच कळत नाय, चालतो खातो नीट, फोड आहे का नाय ते कापल्यावरच दिसतं. म्हंजे गावात तो पहिल्यांदा बघणारा माणूस कोण, खाटीक. त्यानं त्या क्षणी काय केलं त्यावर पुढचं सगळं.

आबानं मला एका सकाळी दाखवलं होतं, गर्दी नव्हती म्हणून, नाहीतर तो माणूस बोलत नाय. कलेजी हातात घेतली, वरून गुळगुळीत लालतपकिरी आणि एका कडेला पांढुरका उंचवटा, बोटानं दाबला तर टणक लागला. सुरी न लावता आजूबाजूनं मांस सारून दाखवलं तर आतली पिशवी पांढरी जाड, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी, आणि आत स्वच्छ पाणी. त्या पाण्यात बारीक रेतीसारखं तळाला बसतं म्हणे, ती रेती म्हणजे टेपवर्मची डोकी, एकेका डोक्याचा कुत्र्याच्या पोटात एकेक टेपवर्म होऊ शकतो. मग त्यानं दुसरं पण दाखवलं, चरबीच्या पडद्याला लोंबणारी पातळ पिशवी, पाण्यानं भरलेली, आत एकच पांढरा ठिपका. मला दोन्ही सेमच वाटलं. तर आबा म्हणे नाय, ही लोंबती वेगळी, ती कलेजीत घुसलेली वेगळी. नंतर ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला बरोबर ओळखलंय त्यानं, लोंबती पिशवी टीनिया हायडॅटिजेना नावाच्या दुसऱ्या टेपवर्मची, तिचा माणसाला तसा त्रास नाय, पण ती पण कुत्र्यामार्फतच फिरते. आबा दोन्ही ड्रममध्येच टाकतो. त्याचं म्हणणं एकच, "हाई कुत्रासले देवानं नही भाऊ" (अहिराणीत, म्हंजे हे कुत्र्यांना द्यायचं नाय). कुठं शिकला विचारलं तर म्हणे बापानं सांगितलं होतं, बापाला कुणा जुन्या व्हेटर्नरी डॉक्टरनं.

अजून एक, फोडाची कलेजी तो विकत पण नाय. लोक म्हणतात आबा तेवढा भाग काप ना, बाकीची दे कमी भावात. नाय म्हणजे नाय. खरं तर फोड नीट काढून बाकी शिजवून खाल्ली तर खाणाऱ्याला त्यातून हा रोग होणार नाय, ते मी वर लिहिलंच आहे, पण त्याचं लॉजिक वेगळंय, गिऱ्हाईक घरी जाऊन तो कोपरा कापतो आणि दारातल्या कुत्र्याला टाकतो. मला पटलं. कुत्र्यासाठी कच्चं फुप्पुस मागायला येतात त्यांना पण देत नाय, खरडपट्टी काढतो वर. घ्यायचंच असेल तर घरी चांगलं अर्धा-पाऊण तास खळखळा उकळून घाला सांगतो, आणि ते बरोबरच आहे, उकळल्यावर फोडातलं सगळं मरतं.

इथं थोडं विषयाबाहेर जातो. आपल्याकडं साक्री-शिंदखेड्याकडं ठेलारी मेंढपाळांचे वाडे म्हंजे तळ फिरत असतात मेंढरं घेऊन, प्रत्येक वाड्याबरोबर कुत्री असतातच, त्याशिवाय लांडग्यापासून मेंढरं राखणार कशी. माळावर मेंढी मेली की कुत्री तिथंच फाडतात. त्यात त्यांचा दोष नाय, माळावर खड्डा खणून पुरायला जेसीबी येणारे का? पण त्या कुत्र्यांना गोळी मिळाली पाहिजे. प्राझिक्वांटेल नावाचं औषध आहे, कुत्र्याच्या पोटातला हा टेपवर्म त्यानं मरतो, महागडं पण नाय. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा, जंताची म्हणून मिळणारी प्रत्येक गोळी ह्याच्यावर चालत नाय, चिठ्ठीवर प्राझिक्वांटेल आहे का ते बघा, आणि गोळी टेपवर्म मारते, अंडी नाय मारत, म्हणून गोळीनंतर दोन-तीन दिवस कुत्र्याला बांधून ठेवून विष्ठा पुरायची किंवा जाळायची. आमच्या मळ्यातल्या मोत्याला आता ठरलेल्या तारखेला मिळते गोळी, गुळात घालून दिली की खातो, नुसती दिली तर थुंकतो.

आणि हे सगळं जमणारच नाय असं समजू नका. आइसलँडमध्ये एकेकाळी हा रोग घरोघर होता. 1863 मध्ये डेन्मार्कचा हाराल्ड क्राब्बे तिकडं गेला, कुत्री तपासली, मग साध्या भाषेत पुस्तिका छापून लोकांना फुकट वाटल्या की बाबांनो फोड कुत्र्याला घालू नका, पुरा नाहीतर जाळा. मग 1869 पासून कायदे, कुत्र्यांना औषध, आणि आज तिथं हा रोग उरलेला नाय. तेव्हा तिकडं ना सोनोग्राफी होती ना प्राझिक्वांटेल. न्यूझीलंडनं पण असंच हटवलं. आपल्याकडं 2001 चे कत्तलखान्याचे नियम आहेत, जनावर कापायच्या आधी व्हेटर्नरी डॉक्टरनं तपासायचं, एका तासात एका डॉक्टरनं बारापेक्षा जास्त नाय, असं सगळं लिहिलेलं आहे कागदावर. आपल्या तालुक्याच्या बाजारात बाभळीखाली लटकवून विकणाऱ्याकडं कोणता डॉक्टर येतो ते तुम्हीच बघा जाऊन.

मावशीचं विचाराल तर ऑपरेशन झालं, आधी आणि नंतर अल्बेंडाझोलच्या (जंतावरच्या औषधाच्या) गोळ्या, तेलातुपाच्या जेवणाबरोबर घ्यायच्या म्हंजे अंगी लागतात, मधे मधे लिव्हरच्या रक्ताच्या टेस्ट. गाठ काढताना सर्जन फार जपून असतात कारण आतलं पाणी पोटात सांडलं तर एकदम जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन येऊ शकते, आणि सांडलेल्यातून नवीन गाठी धरतात. काहींना ऑपरेशन न करता सुईनं पाणी काढून औषध सोडून परत ओढून घेतात, काहींना नुसत्या गोळ्या, काहींची गाठ आपोआप मेलेली असते तर फक्त दर काही महिन्यांनी सोनोग्राफी. कुणाला काय ते गाठ कोणत्या अवस्थेत आहे त्यावर. म्हणून नेटवर वाचून अल्बेंडाझोल सुरू करू नका बाबांनो.

हां तर आता मटण. बोकडाचंच देतो, बोकड म्हणून मेंढी खपवत नाय. हात चांगलाय त्याचा, खांदा-मान-सीना न मागता मिक्स घालतो, हाड फोडताना कपच्या उडवत नाय, आणि हेच मोठं कौतुक आहे कारण काळ्या मसाल्याच्या रश्श्यात हाडाची कपची दाताखाली आली की सगळी मजा जाते. मळ्यावर चुलीवर केलं होतं मागं, बाजरीच्या भाकरी, कांदा-खोबरं निखाऱ्यावर भाजून, तर्री वर आलेली, पाव्हणे बोटं चाटत होते. पण प्रत्येक वेळी कवळं मिळेल असं नाय, लग्नसराईत एकदम जून बोकडाचं गळ्यात मारलं होतं, कुकरच्या शिट्ट्या मोजायचं सोडून दिलं बायकोनं. सांगायला गेलो तर म्हणे तुमचा गॅस बारीक असेल. एक स्टार तिथं गेला.

भाव इतरांपेक्षा किलोमागं वीस-तीस रुपये जास्त. तो ड्रम, चुना, फेकून दिलेली कलेजी, ह्याचेच ते पैसे समजा, मला तरी जड वाटत नाय. बोलणं तुसडं. लाइनमध्ये मधे घुसलात तर सगळ्यांसमोर पाणउतारा. ओंडका रोज खरवडून धुतो, जाळीच्या मागं मटण टांगलेलं, माशा कमी, पण हात धुवायचा नळ गिऱ्हाइकासाठी नाय, तो असायला पाहिजे भो. खिमा हातानंच करतो म्हणून वेळ लागतो, घाई असेल तर खिमा सांगूच नका.

सोमवारी बंद. यूपीआयचा कोड चिकटवलाय पण आवाजाचा डबा वाजला नाय तर तो मटण देत नाय, नेटवर्क तिथं रडकं आहे म्हणून कॅश ठेवा. डबा घरून न्या, पिशवी देत नाय. रविवारी कलेजी पाहिजे असेल तर आठच्या आत जा, आणि "आज कलेजी नाय" म्हणाला तर वाद न घालता खांदा घ्या, त्या दिवशी ती ड्रममध्ये गेलेली असते.