पहिला कोरियन अल्बम कोणता घ्यावा : बीटीएसचा ‘लव्ह युवरसेल्फ : टिअर’

कोरियन पॉप संगीताची गोडी मला उशिरा लागली आणि ती माझ्या भाचीने लावली. मोबाइलवर एकेक गाणे ऐकवत तिने मला बीटीएस या सात जणांच्या गटापर्यंत आणले. परंतु सुट्या गाण्यांमधून गायकांची पुरती ओळख होत नाही असे माझे जुने मत असल्यामुळे मी त्यांचा एक संपूर्ण अल्बम, तोही सीडीच्या स्वरूपात, विकत घ्यायचे ठरवले. १८ मे २०१८ रोजी प्रकाशित झालेला ‘लव्ह युवरसेल्फ : टिअर’ मी निवडला, कारण अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड २००’ या अल्बमांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला तो पहिला कोरियन अल्बम होता. घेतल्यानंतर मात्र याहून मोठी कारणे हाती लागली.

खरेदीचा अनुभव आधी सांगते, कारण नवे चाहते नेमके इथेच फसतात. माझी पहिली प्रत मी आमच्या नागपूरच्या बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डी बाजारातल्या, एका दुकानातून घेतली आणि ती बनावट निघाली. छायाचित्रांतील चेहरे धूसर होते, कागद पातळ होता आणि कोरियातील संगीत स्वामित्वहक्क संस्थेचे, म्हणजे ‘कोम्का’चे, चकाकणारे छोटे स्टिकर कुठेच नव्हते. दुकानदाराने पैसे परत केले नाहीत. दुसरी प्रत भाचीच्या मैत्रिणींनी मिळून केलेल्या ‘ग्रुप ऑर्डर’मधून मागवली. बऱ्याच जणी एकत्र मागवतात तेव्हा कोरियाहून येणाऱ्या पार्सलचा खर्च वाटला जातो. पाच आठवडे थांबावे लागले, परंतु जे हाती आले ते अस्सल होते.

या अल्बमच्या वाय, ओ, यू आणि आर अशा चार आवृत्त्या आहेत. चारही आवृत्त्यांतील गाणी तीच आहेत. बदलतात ती छायाचित्रे. प्रत्येक प्रतीत सातांपैकी कोणा एकाचे छोटे फोटोकार्ड असते आणि ते कोणाचे निघेल हे पाकीट उघडेपर्यंत कळत नाही. आवडत्या गायकाचे कार्ड मिळावे म्हणून मुली एकच अल्बम तीन-तीन वेळा घेतात, हे मला पटत नाही. कार्डांची अदलाबदल करण्याची सोय चाहत्यांमध्ये आहेच. शिकणाऱ्या मुलीच्या खाऊच्या पैशांत एक प्रत पुरेशी आहे.

खरे मोल आहे ते अकरा गाण्यांच्या क्रमाचे. ‘लव्ह युवरसेल्फ’ ही बीटीएसच्या अल्बमांची मालिका पूर्व आशियातील चार टप्प्यांच्या जुन्या कथनपद्धतीवर बेतलेली आहे : आरंभ, विस्तार, वळण आणि समारोप. ‘टिअर’ म्हणजे त्यातले वळण. खोटेपणावर उभे राहिलेले प्रेम कोसळते तो क्षण येथे आहे, आणि म्हणून सुरुवात उडत्या ठेक्याने न होता गटातील ‘व्ही’ या गायकाच्या खोल, संथ आवाजातील एकट्याच्या गाण्याने होते. चौथ्या गाण्याचे नाव ‘१३४३४०’ असे आहे. २००६ साली प्लूटोचे ग्रहपद गेले आणि त्याला हा क्रमांक मिळाला. सोडून दिलेल्या प्रियकराचे दुःख त्या क्रमांकातून सांगितले आहे. वर्गात वर्षानुवर्षे नऊ ग्रह शिकवलेल्या माझ्यासारख्या शिक्षिकेला हे गाणे फार लागले. पुढे ‘अन्पानमान’ येते. या नावाचा जपानी बालकथांमधील नायक आपल्या पावाच्या डोक्याचा तुकडा भुकेल्याला देतो, आणि त्या पावात असते आपल्या पुरणाशी नाते सांगणारे गोड सारण. शेवटच्या गाण्यात गटातले तिघे रॅपर ‘टिअर’ या इंग्रजी शब्दाचे अश्रू आणि फाटणे असे दोन्ही अर्थ समोर आणतात. मोबाइलवर उलटसुलट क्रमाने ऐकताना यातले काहीच माझ्या लक्षात आले नव्हते. नव्या श्रोत्याने पहिल्यांदा तरी अल्बम सलग ऐकावा, असे मी आग्रहाने सांगेन.

भाषेची भीती बाळगू नये. १४४३ साली राजा सेजोंग याच्या काळात तयार झालेल्या हंगुल या कोरियन लिपीत मुळाक्षरे २४ आहेत, आणि व्यंजन व स्वर जोडून एक अक्षर बनवण्याची तिची रीत बाराखडी घोटलेल्या माणसाला लवकर उमगते. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, अगदी मराठीसारखे. मोठ्या भावाला आणि बहिणीला नावाने हाक न मारण्याची पद्धतही आपल्या ‘दादा’, ‘ताई’सारखीच आहे, इतकेच की मुलगा आणि मुलगी यांनी वापरायचे शब्द तिथे वेगळे आहेत. महिनाभरात मी गाण्यांची नावे अडखळत का होईना, वाचू लागले.

उणिवा दोन आहेत. सीडी वाजवण्याचे यंत्र आता फारशा घरांत उरलेले नाही. मला माळ्यावरून जुना प्लेयर काढून दुरुस्त करून घ्यावा लागला. आणि साधारण दोन हजार रुपये ही किंमत, केवळ गाणी ऐकायची असतील तर, जास्त आहे.

नागपूरकरांसाठी एक खास सूचना. उन्हाळ्यात आपल्याकडे दिवसरात्र कूलर चालतो आणि त्याच्या दमट हवेने पाने फुगतात व कार्डे वाकतात, हे मला एका मे महिन्यात कळले. तेव्हापासून हा अल्बम कूलरच्या खोलीत न ठेवता आतल्या खोलीतील लोखंडी कपाटात, रेशमी साड्यांशेजारी, सुती कापडात गुंडाळून ठेवते.