कॉम्बॅट रिव्हॉल्व्हर घेताना: कारखान्याची खास आवृत्ती की गनस्मिथकडून घडवून घेतलेले?

अमेरिकेत .357 मॅग्नम या ताकदवान काडतुसाचे, कॉम्बॅट धाटणीचे रिव्हॉल्व्हर घ्यायचे ठरवलेल्या माणसापुढे आज मुख्यतः तीन वाटा असतात. कारखान्याच्या खास विभागातून तयार होऊन येणारे, उदाहरणार्थ स्मिथ अँड वेसनच्या परफॉर्मन्स सेंटरचे रिव्हॉल्व्हर घेणे ही पहिली. साधे किंवा जुने रिव्हॉल्व्हर घेऊन ते पसंतीच्या गनस्मिथकडून, म्हणजे बंदुकांच्या कारागिराकडून, घडवून घेणे ही दुसरी. आणि जर्मनीच्या कोर्थ किंवा फ्रान्सच्या मान्युरिनसारखे मुळातच हातकामाने जुळवलेले महागडे रिव्हॉल्व्हर घेणे ही तिसरी. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. मात्र ती प्रत्येकाला मानवेल असे नाही, आणि त्या वाटेवर पैसे चुकीच्या क्रमाने खर्च होण्याचा धोकाही सर्वांत जास्त आहे, म्हणून ही तुलना थोडी विस्ताराने करतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. एच-1बी, एल-1 किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला तेथील संघीय कायद्यानुसार सर्वसाधारणपणे बंदूक किंवा काडतुसे बाळगता येत नाहीत. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, आणि रेंजवर भाड्याने घेतलेले शस्त्र हातात धरणेही बाळगण्यातच मोडते. ग्रीन कार्डधारकाला ही आडकाठी नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून हँडगन घेण्यासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि त्यापुढे प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. ही बाजू पक्की झाल्याशिवाय पुढच्या निवडीला अर्थ नाही.

कॉम्बॅट धाटणी म्हणजे नेमके काय, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. कोल्ट कंपनीत काम करणाऱ्या जॉन हेन्री फिट्झजेराल्ड यांनी 1920 च्या दशकात आखूड नळीची, घोड्याचे (हॅमरचे) वर आलेले टोक कापलेली आणि चापाभोवतीच्या कडीचा पुढचा भाग काढून टाकलेली रिव्हॉल्व्हरे तयार केली. कडी कापण्याचा प्रकार पुढे धोकादायक म्हणून मागे पडला, पण झटकन बाहेर काढताना जे जे अडते ते काढून टाकायचे हा विचार मात्र टिकला. 1955 मध्ये सीमा गस्ती दलातील बिल जॉर्डन यांच्या आग्रहावरून स्मिथ अँड वेसनने के-फ्रेम या मध्यम आकाराच्या सांगाड्यावर .357 मॅग्नम बसवून ‘कॉम्बॅट मॅग्नम’ आणले, तेच पुढे मॉडेल 19 म्हणून ओळखले गेले. दिवसभर कमरेला वागवता येईल इतके हलके आणि गरज पडल्यास पूर्ण ताकदीचे काडतूस झाडू शकेल असे ते शस्त्र होते. 1980 च्या दशकात अमेरिकी पोलीस दले मोठ्या संख्येने अर्धस्वयंचलित पिस्तुलांकडे वळली, तेव्हा कामाची निकड कमी झाली. कारागिरी मात्र थांबली नाही. उलट आज अशा रिव्हॉल्व्हरवर जे काम होते ते पोलीस खात्याच्या गरजेसाठी नव्हे, तर ज्याला ते हवे आहे त्याच्यासाठी होते.

या आकर्षणाचा उगम माझ्या मते दिसण्यात नाही, हाताला लागणाऱ्या कडांमध्ये आहे. कारखान्यातून आलेल्या साध्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरच्या (काडतुसे धरणाऱ्या फिरत्या भागाच्या) पुढच्या कडेवरून, नेम धरण्याच्या मागच्या साइटच्या कोपऱ्यांवरून आणि चापाच्या दोन्ही बाजूंवरून बोट फिरवले की प्रत्येक ठिकाणी धार जाणवते. चांगल्या गनस्मिथने कडा मोडलेल्या, म्हणजे धार काढून किंचित गोल केलेल्या रिव्हॉल्व्हरवरून तेच बोट कोठेही न अडता जाते, आणि तरीही सपाट पृष्ठभाग सपाटच राहिलेले असतात, अक्षरांच्या कडा बुजलेल्या नसतात, स्क्रूंची भोके उतरती झालेली नसतात. कडा मोडणे कोणालाही जमते. कोठे थांबायचे हे ज्याला कळते तो कारागीर. सिलिंडरमधील काडतुसांच्या घरांच्या तोंडाला दिलेला हलका उतार, ज्यामुळे काडतुसे घाईतही सरळ आत सरकतात, हेही असेच फोटोत न दिसणारे काम आहे.

परफॉर्मन्स सेंटर हा स्मिथ अँड वेसनचा खास विभाग 1990 पासून चालू आहे, आणि पहिल्या वाटेची बाजू त्याच्या जोरावर भक्कम ठरते. त्यांच्या 2018 च्या मॉडेल 19 कॅरी कॉम्पमध्ये तीन इंची नळी, उसळी कमी करण्यासाठी नळीच्या वरच्या बाजूला कापलेले छिद्र आणि अंधारात चमकणारी ट्रिटियमची माशी (पुढची साइट) या गोष्टी तयार मिळतात. आठ गोळ्यांच्या मॉडेल 627 मध्ये सिलिंडर मून क्लिपसाठी (सगळी काडतुसे एकत्र धरणाऱ्या पातळ चकतीसाठी) कापलेलेच येते. हमी कारखान्याची, वाट पाहणे नाही, आणि किंमत साध्या आवृत्तीपेक्षा बेताचीच जास्त. उणीव अशी, की तयार कपड्यांप्रमाणे त्याला माप कोणा एकाचे नसते. चापाचा मार्ग साध्या मॉडेलपेक्षा बरा असतो, पण अनुभवी माणसाने एकाच नगावर बसून केलेल्या कामाइतका एकसारखा क्वचितच असतो. मुठीचा आकार आणि कडा यांबाबतही कारखान्याने सरासरी हात डोळ्यांसमोर ठेवलेला असतो.

गनस्मिथच्या कामात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे डबल अ‍ॅक्शनचा चाप. या प्रकारात चापाच्या एकाच ओढीने घोडा मागे जाऊन सुटतो. कारखान्यातून येणाऱ्या चापाला साधारण 12 पौंडांच्या आसपास जोर लागतो, आणि कुशल माणूस तो आठ-नऊ पौंडांवर आणू शकतो. तरीही मी वजनापेक्षा सलगपणाला महत्त्व देईन. चाप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच गतीने मागे येत असेल, मध्ये खरखर किंवा पायरी जाणवत नसेल, तर दहा पौंडही जड वाटत नाहीत. स्प्रिंग फार ढिली केली की घोड्याचा फटका कमजोर होतो आणि कठीण प्रायमरची (काडतूस पेटवणाऱ्या मागच्या टोपीची) काडतुसे फुटेनाशी होतात. मऊ प्रायमरसाठी ओळखल्या जाणाऱ्या फेडरल कंपनीच्या काडतुसांवरच चालणारे रिव्हॉल्व्हर स्पर्धेत चालेल, स्वसंरक्षणासाठी नाही. जुन्या स्मिथ अँड वेसनच्या घोड्याचा आणि चापाचा कठीण थर अगदी पातळ असतो. घासण्याच्या दगडाने तो पार घासला गेला, तर काही दिवस चाप लोण्यासारखा चालतो आणि मग झिजत जातो. म्हणून स्वस्तात चापाचे काम करून देणाऱ्यापेक्षा, ‘येथे दगड लावणार नाही’ असे स्पष्ट सांगणारा गनस्मिथ निवडावा.

हे काम किती पुढे जाऊ शकते याचा दाखला नेमबाज जेरी मिक्युलेक यांनी 1999 मध्ये दिला. त्यांनी स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल 625 ने सहा गोळ्या झाडून, पुन्हा भरून, आणखी सहा गोळ्या 2.99 सेकंदांत झाडल्या. तो हात त्यांचा होता हे खरेच, पण खडबडीत चापावर आणि धारदार घरांच्या सिलिंडरवर हे घडणे शक्य नव्हते.

आता फिनिशकडे येतो, कारण बहुतेक ग्राहक येथूनच सुरुवात करतात आणि बहुतेक पैसाही येथेच जातो. पारंपरिक ब्लूइंगमध्ये पोलाद तीव्र अल्कलीच्या, सुमारे 140 अंश सेल्सियसला उकळणाऱ्या क्षारद्रावात बुडवतात आणि पृष्ठभागावर मॅग्नेटाइटचा अतिशय पातळ काळा थर तयार होतो. मापात फरक पडत नाही, पण संरक्षणही नाममात्रच मिळते. ब्लूइंगचे सारे सौंदर्य त्याखालच्या पॉलिशमध्ये असते. जुन्या कोल्ट पायथॉनची रॉयल ब्लू झळाळी ही रसायनाची करामत नव्हती. ती द्रावात बुडवण्याआधी तासन्‌तास चाकावर केलेल्या पॉलिशची होती. ज्याला शस्त्र जपायला आवडते, पुसायला आवडते, त्याने ब्लूइंगच घ्यावे, आणि म्यानातून येता-जाता नळीच्या तोंडाशी उघडे पडणारे चंदेरी पोलाद हा दोष मानू नये.

ह्यूस्टन किंवा फ्लोरिडासारख्या दमट ठिकाणी राहणाऱ्या आणि रोज अंगावर बाळगणाऱ्या माणसाला मात्र मी हार्ड क्रोम सुचवीन. त्याचा करडा, मंद पोत डोळ्यांना खुपत नाही, कानसेच्या पोलादाइतका तो कठीण असतो, आणि घामाने त्याला सहसा काही होत नाही. पण तो पृष्ठभागावर चढणारा थर आहे, त्यामुळे जुळणीच्या जागी मापाचे भान ठेवावे लागते, आणि ठिसूळपणाच्या भीतीने स्प्रिंगा त्यातून वगळाव्या लागतात. निकेलची किंचित पिवळसर झळाळी फार देखणी असते. मात्र त्याखाली तांब्याचा थर असेल तर नळीतले तांबे काढणारी अमोनियायुक्त द्रावणे आत शिरून निकेलचे पोपडे उडवतात. सेराकोट हे फवारून भट्टीत पक्के केले जाणारे सिरॅमिक-पॉलिमरचे आवरण आहे. गंजाला त्याच्याइतका चांगला विरोध फार थोड्या गोष्टी करतात आणि रंग हवा तो मिळतो, पण सिलिंडरवर फिरणारी रेघ त्यावर लवकर उमटते आणि कडांची नाजूक कारागिरी त्याखाली बुजते. उत्तम गनस्मिथकडून कडा मोडून घेऊन त्यावर जाड रंगीत आवरण चढवणे मला पटत नाही. स्टेनलेस असेल तर बारीक मण्यांचा मारा करून केलेले मॅट फिनिश पुरेसे आहे. ओरखडा पडला तर तो भाग पुन्हा तसाच करून घेता येतो, आणि वाचलेले पैसे चापावर लावता येतात.

मूळ रिव्हॉल्व्हर कोणते घ्यावे, यावर निकाल बराचसा अवलंबून आहे. मॉडेल 19 हातात सर्वांत छान बसते, पण 125 ग्रेनच्या (सुमारे 8 ग्रॅमच्या) हलक्या गोळीची पूर्ण मॅग्नम काडतुसे सतत झाडली तर जुन्या नळीच्या मागच्या तोंडाला, खालच्या बाजूने सपाट कापलेल्या पातळ भागात तडा जाऊ शकतो. याच कारणाने पुढे थोड्या मोठ्या एल-फ्रेम सांगाड्याची 586 आणि 686 ही मॉडेले आली. सराव त्यातच चालणाऱ्या सौम्य .38 स्पेशल काडतुसांवर आणि मॅग्नम मोजकीच, असा वापर असेल तर मॉडेल 19 वर काम करून घेण्यासारखा आनंद नाही. मॅग्नम भरपूर झाडायची असेल तर 686 किंवा रुगरचे जीपी100 घ्यावे. जीपी100 मध्ये बाजूची झाकणपट्टी नाही, सिलिंडर पुढे क्रेनपाशीही (ज्या दांड्यावर तो बाहेर झुलतो तेथेही) अडकतो, मुख्य स्प्रिंग गुंडाळीची आहे, आणि मालकाला ते सहज सुटे करता येते. दिसायला ते थोडे ओबडधोबड आहे, म्हणूनच कडा मोडून आणि चाप सुधारून घेतल्यावर सर्वांत मोठा पालट त्याच्यात दिसतो.

जुना, 2005 पूर्वीचा पायथॉन किंवा 1982 च्या सुमाराच्या आधीचे, नळीत पिन असलेले स्मिथ अँड वेसनचे निष्कलंक रिव्हॉल्व्हर मात्र कृपया कानसेखाली देऊ नये. संग्राहकांसाठी मूळ फिनिश हेच मूल्य असते, आणि एकदा घासलेली कड परत येत नाही. काम करून घ्यायचेच तर म्यानात झिजलेला, फिनिश गेलेला पण यंत्र शाबूत असलेला नग शोधावा. तो स्वस्तही मिळतो.

कोर्थबद्दल थोडक्यात. त्याच्या चापात बदलता येणारे छोटे रूळ असतात, त्यांमुळे ओढीचा शेवट हवा तसा ठेवता येतो, आणि जुळणी खरोखरच विलक्षण असते. 1973 पासूनचे, फ्रान्सच्या जीआयजीएन या विशेष सशस्त्र पथकाने वापरलेले मान्युरिन एमआर73 हे भरपूर मॅग्नम सोसण्यासाठीच बांधलेले आहे. यांच्या दर्जाबद्दल वाद नाही. पण साध्या जीपी100 च्या कित्येक पट पैसे मोजूनही कोर्थच्या कडा, मूठ आणि साइट यांवर आपल्या हाताचा ठसा नसतोच, आणि ते बिघडले तर दुरुस्ती करणारे हात थोडे आहेत.

म्हणून प्रथमच अशी खरेदी करणाऱ्याला माझे सांगणे असे: वाट पाहण्याची तयारी नसेल आणि मापाचा प्रश्न पडत नसेल, तर परफॉर्मन्स सेंटरचे घ्यावे आणि समाधानाने वापरावे. हात लहान किंवा मोठा असेल, रोज बाळगायचे असेल, किंवा कारागिरीची ओढ असेल, तर चार इंची स्टेनलेस जीपी100 किंवा 686 घेऊन आधी वर्षभर जसे आहे तसे झाडावे. कोठे टोचते, कोठे अडते हे कळल्यावर प्रथम चाप, मग कडा आणि घरांचे उतार, त्यानंतर माशी आणि मूठ, आणि पैसे उरले तरच फिनिश, या क्रमाने काम द्यावे. दुसऱ्या राज्यातील परवानाधारक गनस्मिथकडे ते थेट पाठवता येते आणि काम झाल्यावर त्याच्याकडून थेट आपल्याकडे परत येऊ शकते. परत आल्यावर ते रिकामे असल्याची दोनदा खात्री करून घोडा अगदी सावकाश मागे ओढावा, आणि तो अडकण्याआधी सिलिंडर प्रत्येक घरावर पक्का बसतो की नाही ते सहाही वेळा पाहावे. एका जरी घरावर उशीर होत असेल, तर फिनिश कितीही सुंदर असले तरी ते रिव्हॉल्व्हर त्याच खोक्यातून परत पाठवावे.